टॅब मोजणारी स्क्रिप्ट आणि नानीचा आवाज

मामूंकडे 112 कॅसेट होत्या. शहागंजच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत. मुशायरे, कव्वाल्या, मोहल्ल्यातल्या लग्नांतले तकरार-टोमणे, रेडिओवरून उतरवून घेतलेले कार्यक्रम. 1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तिथून कुणीतरी आणलेल्या कॅसेटची नक्कलही त्यात होती. आणि दोन कॅसेटवर नानी. ती पैठणकडची. जात्यावर बसली की मराठी ओवी म्हणता म्हणता दखनीत शिरायची आणि पुन्हा ओवीवर यायची. दखनमध्ये सूफींनी बायकांना जात्यावर म्हणता यावेत म्हणून चक्कीनामे रचले, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. नानीनं ते पुस्तक पाहिलं नव्हतं, तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं.

त्या दोन कॅसेटमधला नानीचा आवाज आज माझ्याकडे नाही. तो माझ्या हातानं गेला. नेमकं सांगायचं तर माझ्या हाताची नक्कल करणाऱ्या एका स्क्रिप्टनं गेला. हा लेख त्या स्क्रिप्टबद्दल आहे.

कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मी विंडोज 7 वर सुरू केलं. डेकची वायर साउंड कार्डाला लावायची, कॅसेट चालू करायची आणि रेकॉर्ड करायचं. विंडोज 7 मधला साउंड रेकॉर्डर डब्ल्यूएमए फाईल देई. ती घरातल्या मोबाईलवर धड वाजत नसे, म्हणून प्रत्येक फाईलची एमपीथ्री करणं आलं. एका फुकटच्या, सगळ्यांच्या ओळखीच्या प्लेअरमध्ये ती सोय होती. मेनू उघडा, फाईल निवडा, रूपांतर म्हणा, प्रकार निवडा, नवी फाईल कुठे ठेवायची ते टाका, सुरू करा. एका फाईलला दोन मिनिटं जात. कॅसेटच्या दोन बाजू, म्हणजे 224 फाईल. दहा फाईलनंतर माणूस कंटाळतो, विसाव्या फाईलला चुकायला लागतो.

म्हणून मी ऑटोहॉटकी शिकलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे विंडोजवरचं फुकट साधन आहे, 2003 पासूनचं. त्यात तुम्ही लिहून ठेवता की अमुक खिडकी पुढे आण, कंट्रोल आणि आर दाब, नऊ वेळा टॅब दाब, हे नाव टाईप कर, एंटर दाब. मग ते माणसासारखं बटणं दाबत बसतं. प्रोग्रॅमला वाटतं समोर कुणीतरी बसलंय. मला कोणताही कोर्स न करता हे जमलं, म्हणून मी या प्रकाराला कधीच हसणार नाही. ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्याचं हे प्रोग्रॅमिंग आहे. पहिल्या रात्री खुर्चीत बसून मी नुसतं पाहत होतो. खिडक्या आपोआप उघडतायत, अक्षरं आपोआप उमटतायत. अम्मी म्हणाली, "जिन बसला काय रे त्यात?"

अर्ध्या कॅसेट तेव्हा झाल्या. मामूंनी झालेल्या कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. "अब कंप्यूटर में आ गया ना, फिर ये डब्बा कायको रखना?" मीही अडवलं नाही.

पुढे विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला. मी विंडोज 10 घेतलं, प्लेअरचीही नवी आवृत्ती आली. त्या वर्षीचा रमजान सगळ्यांनी घरातच काढला, वेळच वेळ होता. काही जुन्या फाईल अजून डब्ल्यूएमएच होत्या, त्यांच्यावर मी तीच जुनी स्क्रिप्ट सोडली, मगरिबला उठलो, नमाज आणि इफ्तारी आटोपून परत आलो. पडद्यावर सगळं काम झाल्याचं दिसत होतं. 41 फाईल, एकही चूक नाही.

झालं होतं असं. नव्या खिडकीत एक रकाना वाढला होता. जुन्या हिशेबानं नववा टॅब नव्या फाईलच्या नावावर जायचा, आता तो त्याच्या एक घर अलीकडे थांबत होता. मी लिहून दिलेलं नाव भलत्याच जागी पडलं आणि नव्या फाईलला जुन्याच फाईलचं नाव राहिलं. 'फाईल आधीच आहे, तिच्यावर लिहू का?' असं यंत्रानं इमानदारीनं विचारलं. माझ्या स्क्रिप्टनं शेवटचा एंटर दाबला, त्याचा अर्थ 'हो' झाला. प्लेअर जी फाईल वाचत होता तिच्यावरच लिहायला लागला. 41 पैकी 24 एका जुन्या पेन ड्राइव्हवर सापडल्या, सोलापूरची त्यातच होती. 17 गेल्या. नानी त्या सतरांत.

दोष प्लेअरचा नाही. त्यांनी रकाना वाढवला तो कुणाच्या तरी सोयीसाठीच असणार. बॅकअप न ठेवण्याचा दोष माझा आहेच, त्यावर मी वेगळं काही लिहिणार नाही, त्याची शिक्षा भोगून झाली आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. मी प्रोग्रॅमशी बोलत नव्हतो, त्याच्या चेहऱ्याशी बोलत होतो, आणि चेहरा बदलण्याचा हक्क बनवणाऱ्याला आहे. काम करून घ्यायचं तर प्रोग्रॅमला नावानं सांगता आलं पाहिजे. ती वाट ठेवणं हे बनवणाऱ्याचं काम आणि ती शोधणं हे आपलं.

ही वाट नवीन नाही. जुन्या वाचकांना विनॲम्प आठवत असेल, 1997 चं. त्याला लोक शेकडो रूपं चढवत, कुणी लाकडी रेडिओचं, कुणी अंतराळयानाचं. रूप बदललं की बटणाची जागा बदले. पण आतून प्रत्येक कामाला एक आकडा होता. बाहेरच्या स्क्रिप्टनं 40045 हा निरोप धाडला की गाणं सुरू, 40047 धाडला की बंद. वर कोणतंही रूप असो, आकडा तोच. व्हीएलसी हा प्लेअर 1996 साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला. त्याला खिडकी न उघडताही कामाला लावता येतं, सगळा हुकूम एका ओळीत लिहून. आणि रूपांतराचं काम करणारा एफएफएमपेग तर मुळात चेहराच नसलेला प्रोग्रॅम आहे. 2000 साली फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरनं सुरू केलेला. त्याला फक्त आधीच्या फाईलचं नाव आणि नव्या फाईलचं नाव द्यायचं. हुकमात 'एन' हे एक अक्षर जोडलं की आधीपासून असलेल्या फाईलवर तो लिहीतच नाही, सरळ थांबतो. ते एक अक्षर मला 2020 मध्ये माहीत असतं तर!

माझा खालाजाद भाऊ पुण्यात आवाज जुळवण्याचं काम करतो, मॅकवर. त्यानं मला दुसरी बाजू दाखवली. ॲपलनं 1993 मध्ये ॲपलस्क्रिप्ट आणलं. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमनं आपला शब्दकोश द्यायचा, कोणत्या शब्दाला मी काय करतो ते सांगणारा. ज्या प्रोग्रॅमचा कोश अपुरा, त्याच्या मेनूवर स्क्रिप्टनं क्लिक करायची सोयही पुढे आली. 2019 च्या ऑक्टोबरात ॲपलनं मॅकवरचं आयट्यून्स मोडून म्युझिक, पॉडकास्ट आणि टीव्ही असे तीन प्रोग्रॅम केले. ज्यांच्या स्क्रिप्ट आयट्यून्सच्या कोशातले शब्द वापरत होत्या, त्यांना बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमचं नाव बदलून भागलं, कारण म्युझिकनं तो कोश बराचसा तसाच ठेवला होता. ज्यांच्या स्क्रिप्ट मेनूतली तिसरी ओळ, दुसरं बटण असं मोजत होत्या, त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. पण तिथेही सगळं नीट झालं असं नाही. 2009 मध्ये क्विकटाइम प्लेअरचं नवं रूप आलं तेव्हा त्याच्या कोशातले बरेच शब्द गायब झाले. लोक दहा वर्षं जुना क्विकटाइम 7 शेजारी ठेवून कामं करत राहिले, आणि 2019 च्या त्याच आवृत्तीत 32 बिटचे प्रोग्रॅम बंद झाले तेव्हा तोही गेला.

कोशातले शब्द काढून घेणं हे मला चेहरा बदलण्यापेक्षा मोठं वाटतं. रंग बदला, बटण डावीकडून उजवीकडे न्या, पण शब्द काढताना दहादा विचार करा.

एक तक्रार मात्र मी करत नाही. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या खिडकीत बटणं दाबता येत नाहीत. मॅकवर 2018 पासून एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला हुकूम सोडायचा तर आधी मालकाची परवानगी विचारली जाते. स्क्रिप्टवाले यावर चिडतात. मी नाही चिडत. जी स्क्रिप्ट माझ्या नावानं 'हो' म्हणू शकते, ती उद्या बँकेच्या खिडकीतही म्हणेल. मला हे अनुभवानं पटलेलं आहे.

आता हे फक्त गाण्यांच्या फाईलपुरतं आहे असं कुणाला वाटेल. रोशन गेटजवळ माझा एक दोस्त ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्यानंही माझं बघून एक स्क्रिप्ट केली होती. जिल्ह्याची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. अहमदनगर, अकोला, अमरावती, औरंगाबाद. म्हणून खालचा बाण चार वेळा. 2023 मध्ये फेब्रुवारीत शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव बदललं. (नाव बदलण्यावर माझं मत आहे, ते आज लिहीत नाही.) यादीतही बदल झाला, आपला जिल्हा 'सी'मध्ये गेला आणि चौथ्या जागी आलं बीड. चार-पाच पोरांचे फॉर्म बीडचे रहिवासी म्हणून गेले. तो वैतागून म्हणाला, "नाव बदललं तर बदललं, जागा का बदलली?" मी म्हटलं, तू नाव वाचतच नव्हतास, जागा मोजत होतास. पुढच्याच वर्षी अहमदनगरचंही अहिल्यानगर झालं, पण ते पहिल्या जागीच राहिलं, तिथल्या दुकानदारांची चूक कुणाच्या लक्षातही आली नसेल.

आणि आमच्या मोहल्ल्यातले हाफिजसाहेब. जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटरवर किरअत ऐकतात, एनव्हीडीए या फुकट वाचकाच्या मदतीनं. 2006 मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणानं तो सुरू केला. पडद्यावर जे असेल ते तो आवाजात सांगतो, मराठीतही. पण तो पडदा डोळ्यांनी बघत नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्यानं प्रत्येक बटणाला आतून जे नाव दिलेलं असतं ते तो वाचतो. नीट लिहिलेली स्क्रिप्टही तेच नाव शोधते. दोघांची वाट एकच.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या प्लेअरची नवी आवृत्ती आली. दिसायला सुंदर, चित्रांची गोल बटणं, आणि एकालाही आतून नाव नाही. एनव्हीडीए बिचारा सांगायचा, "बटण. बटण. बटण." मी गेलो तेव्हा हाफिजसाहेब टॅब दाबत होते आणि ओठांनी मोजत होते. तिसरं चालू, पाचवं पुढे. मी विचारलं, चुकत नाही? म्हणाले, "चुकतं ना बेटा. कधी सूरह यासीन लावायला जातो, तर सगळी यादीच पुसली जाते."

माझ्या स्क्रिप्टनं मोजत बसणं हा माझा आळस होता. पण त्यांच्यावर मोजायची वेळ का यावी? बटणाला आतून नाव देणं ही बनवणाऱ्याच्या दृष्टीनं एका ओळीची गोष्ट आहे. आपल्या शहरातही आता पोरं ॲप बनवतात, नमाजच्या वेळांचं, शिकवणीचं, मदरशाच्या हजेरीचं. मी त्यांना भेटलो की आधी विचारतो, बटणांना नावं दिलीत का? आणि चेहऱ्याशिवाय तुमच्या ॲपला काही सांगता येतं का? बहुतेकांना पहिला प्रश्नच नवा असतो. एकानं मात्र आठवडाभरात नावं घालून आणली. हाफिजसाहेबांनी त्यात असरची वेळ स्वतः ऐकली आणि पोराला चहा पाजला. त्यांच्या किरअतसाठी मी दुसरा एक जुनाट दिसणारा प्लेअर बसवून दिला आहे. तो दिसायला कसाही असो, बोलतो नीट.

मामूंच्या पेटीत अजून 31 कॅसेट आहेत. आता मी कोणतीही खिडकी उघडत नाही. रेकॉर्डिंग झालं की मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवतो, मग काळ्या पडद्यावर एक ओळ लिहितो, 'एन' जोडून. त्या 31 मध्ये एकीवर मामूंच्या अक्षरात फक्त 'शादी, 1991' लिहिलंय. मामूंना आठवतं की हळदीच्या आदल्या रात्री बायका जात्यापाशी बसल्या होत्या आणि टेप चालू होता. नानी त्यात होती का, ते त्यांना सांगता येत नाही. डेकचा पट्टा सैल झालाय, आवाज लांबतोय, म्हणून ती कॅसेट अजून लावलेली नाही. दुरुस्तीवाला जुम्म्यानंतर या म्हणालाय.