पोटाचे दुखणे अंगावर काढू नका

पोट दुखू लागले की आपल्या घरातले उपाय ठरलेले असतात. ओवा चघळायचा, बेंबीला हिंग लावायचा, फारच झाले तर एरंडेल घ्यायचे. "वायगोळा असेल, उतरेल" असे म्हणत माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो, कारण हजेरी बुडाली तर चूल कशी पेटणार? बहुतेक वेळा पोट थांबतेही. पण एका दुखण्यात ही चालढकल जिवावर बेतू शकते. डॉक्टर त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात.

वय वाढते तशा काहींच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीला लहान लहान पिशव्या येतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा, तशा. पुष्कळांना त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही. एखादी सुजली की मात्र हे दुखणे सुरू होते.

ओळखावे कसे? बेंबीखाली, बहुधा डाव्या बाजूला, सतत दुखते आणि दाबले की कळ येते. सोबत ताप, मळमळ, शौचास साफ न होणे किंवा जुलाब. आशियातील लोकांत ते उजव्या बाजूलाही होते आणि अपेंडिक्ससारखे भासते. म्हणून घरच्या घरी निदान करू नये. रक्ततपासणी व सीटी स्कॅनने खरे काय ते कळते.

दुखणे साधे असेल तर विश्रांती, काही दिवस पातळ आहार व पॅरासिटॅमॉल यांनी अनेकजण बरे होतात. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतेच असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवावे. आत पू झाला तर भरती होऊन शिरेतून औषधे घ्यावी लागतात, कधी सुईने पू काढतात. पिशवी फुटून घाण पोटात पसरली तर तातडीने ऑपरेशन लागू शकते. अशा पोटदुखीत एरंडेल किंवा एनिमा घेऊ नये. मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून खाऊ नयेत. त्यांनी आतडे फुटण्याचा धोका वाढतो.

पोट लाकडासारखे कडक झाले, थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात, शौचावाटे रक्त गेले किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे. सोयगावहून पुढे पाठवले तर जळगावचे सरकारी रुग्णालय किंवा संभाजीनगरची घाटी आहे. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल तेथील आरोग्यमित्राला विचारा.

बरे वाटल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी दुर्बिणीने आतडे तपासावे का, हेही डॉक्टरांना विचारावे. कॅन्सर लपलेला नाही ना, हे त्यात पाहतात.

१९७१ साली पेंटर आणि बर्किट या इंग्लंडमधील डॉक्टरांनी मांडले की, चोथा काढलेल्या पिठाच्या खाण्यामुळे हा आजार वाढला. बंधुभगिनींनो, ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी आणि पालेभाजी यांत भरपूर चोथा असतो. मुलांच्या ताटातून भाकरी काढून पाव-बिस्किटे वाढू नका. शेंगदाणे व मक्याच्या लाह्यांनी हा आजार होतो, ही समजूत २००८ सालच्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात खरी ठरली नाही. पाणी भरपूर प्या, विडी-सिगारेट सोडा.

बुडालेली हजेरी पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. ताप आणि पोटदुखी एकत्र आली की आधी दवाखाना गाठा.