बेल्टची कुरकुर

"तुमची गाडी आली हे मला खिडकीतून बघावं लागत नाही, आवाजावरूनच कळतं," असे आमचे शेजारी म्हणाले, तेव्हा ती स्तुती नव्हे हे माझ्या ध्यानात आले. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून चिमण्यांची चिवचिव चालू होई. वर्षापूर्वीच नवा बेल्ट घातला होता. तेव्हा दोष बेल्टचा नसणार आणि बाकी काही बघायचे कारण नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. शेजाऱ्यांनी उपाय सांगितला, "बेल्टच्या आतल्या बाजूला साबणाची वडी घासा." घासली, आणि काय सांगू, चिवचिव बंद! मी त्यांना चहा पाजला.

ही गोष्ट २०१८ सालच्या वसुबारसेची. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आईला घेऊन आम्ही पुण्याहून वाईला निघालो. खंबाटकी घाटात गाडी चढणीला लागली आणि सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, तो बॅटरीचा तांबडा दिवा कसला लागलाय?"

"दिवाळी आहे, एक दिवा जास्त!" मी म्हणालो.

विनोद संपायच्या आत इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढू लागला. गाडी कडेला घेऊन बंद केली. अंधारात ट्रक हातभर अंतरावरून जात होते, आणि मागच्या सीटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई चकलीचा डबा मांडीवर घेऊन मुकाट्याने बसली होती. ते दोन तास मी विसरणार नाही.

क्रेनने गाडी घाटापलीकडच्या गॅरेजात नेली. मिस्त्रींनी कडेच्या चिंध्या झालेला, पुलीवरून उतरलेला बेल्ट दाखवला. म्हणाले, "साहेब, याच बेल्टवर तुमचा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरतो. बेल्ट गेला की बॅटरी भरत नाही, आणि पाणी फिरायचं थांबलं की इंजिन तापतं."

"पण बेल्ट तर नवा होता!"

"बेल्ट नवा, पण ताण देणाऱ्या पुलीचं बेअरिंग जुनंच ना? ते झिजून पुली तिरकी झाली. बेल्ट तिरका पळायला लागला, म्हणून चिवचिवत होता. साबणानं तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत."

मग त्यांनी जे शिकवले ते वाचकांसाठी देतो. इंजिन चालू ठेवून, पदर, ओढणी आणि हात दूर ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. चिवचिव क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली, तर पुली तिरकी. उलट किंचाळणे वाढले, तर ताण कमी. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि घरघर चालूच राहिली, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. इंजिन बंद करून बेल्ट काढावा आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखरली किंवा डुगडुगली, तर चोर सापडला. बेल्टवर तेल किंवा कूलंट गळत असेल, तर आधी ती गळती थांबवावी, नाहीतर नवा बेल्टही वाया. शिवाय हल्लीच्या बेल्टला पूर्वीसारख्या भेगा लवकर पडत नाहीत. तो टायरसारखा आतून झिजतो. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, खाचांची खोली मोजून घ्यावी.

आणि घाटात काटा चढलाच तर इंजिन बंद करून थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले कढत पाणी अंगावर उडते.

त्या रात्री मिळेल त्या जीपने आम्ही एक वाजता वाईला पोचलो. पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी आईने न्हाणीघराच्या दारातून साबणाची नवी वडी पुढे केली आणि एवढेच म्हणाली,

"ही अंगाला लाव हो. गाडीला नको."