वसुलीचे बंड

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी बूडिका राणीचा कांस्यपुतळा आहे: उसळलेले घोडे, रथ, राणीच्या हातात भाला आणि सोबत दोन मुली. थॉमस थॉर्नीक्रॉफ्टचे हे शिल्प 1902 साली तिथे बसवले गेले, तेव्हा ब्रिटन स्वतःच साम्राज्य चालवत होते. अशा प्रतिमांमुळे इ. स. 60-61 मधला इसेनी जमातीचा उठाव सूडकथा म्हणून लोकांच्या मनात रुतला. सूडकथा खोटी नाही, पण अपुरी आहे. रोमच्या तलवारीपेक्षा रोमच्या वसुलीने हा वणवा पेटवला, असे आमचे ठाम मत आहे. आणि लक्ष्मीपूजनाला वही पुजणाऱ्या वाचकांपुढे ते मांडायला दिवाळी अंकाहून योग्य जागा नाही.

आजच्या नॉरफोकच्या परिसरात राज्य करणारा इसेनींचा राजा, बूडिकाचा पती प्रासुतागस रोमचा मांडलिक होता. घरदार आणि राज्य वाचावे म्हणून त्याने मृत्युपत्रात सम्राट नीरोला आपल्या दोन मुलींच्या बरोबरीने वारस नेमले. तो मेला आणि मृत्युपत्र कवडीमोल ठरले. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की शतपतींनी राज्य लुटले आणि अधिकाऱ्यांच्या गुलामांनी राजवाडा. बूडिकाला फटके मारले गेले, मुलींवर बलात्कार झाले, इसेनी सरदारांच्या वडिलोपार्जित जमिनी हिसकावल्या गेल्या. उठावात सामील झालेल्या शेजारच्या त्रिनोव्हांत जमातीचे दुखणेही जमिनीचेच होते. कामुलोडुनम, म्हणजे आजच्या कोलचेस्टरमध्ये, वसवलेल्या निवृत्त सैनिकांनी त्यांना शेतांतून हुसकले होते. शिवाय क्लॉडियस सम्राटाच्या मंदिराचे पुरोहितपद मोठ्या मानाने गळ्यात घालून स्थानिक श्रीमंतांच्या तिजोऱ्या त्या खर्चापायी रित्या केल्या जात होत्या. उठावकऱ्यांनी पहिला घाला याच शहरावर घातला आणि शेवटचे सैनिक दोन दिवस याच मंदिरात तग धरून होते. योगायोगाने असे घडत नाही. दुसरा इतिहासकार कॅशियस डिओ आणखी दोन गोष्टी नोंदवतो: क्लॉडियसने ब्रिटिश प्रमुखांना दिलेला पैसा वसुली अधिकारी कॅटस डेसियानस परत मागू लागला, आणि तत्त्वज्ञ सेनेकाने ब्रिटनांच्या माथी मारलेले चार कोटी सेस्टर्सचे कर्ज एकदम तगादा लावून वसूल करायला घेतले.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचा. डिओने दीडशे वर्षांनी लिहिले, सेनेकावर त्याचा राग होता आणि तो मजकूर आपल्यापर्यंत संक्षेपातून पोचला आहे. आक्षेप रास्त आहे. कर्जाचा आकडा आम्हीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण युक्तिवाद त्या आकड्यावर उभा नाही. लंडनमध्ये ब्लूमबर्ग इमारतीच्या जागी सापडलेल्या लाकडी पाट्यांत 8 जानेवारी 57 या तारखेचा 105 दिनारांचा देणेलेख आहे. उठावाच्या तीन-चार वर्षे आधीच या बेटावर देण्याघेण्याचे कागद होत होते. आणि टॅसिटसची साक्ष तर घरच्या माणसाची आहे. त्याचा सासरा अग्रिकोला त्या वेळी सेनापती सुएटोनियस पाउलिनसच्या हाताखाली होता. रोमची बाजू सावरण्याचा मोह ज्याला व्हावा, तोच कॅटसच्या हावेने प्रांत युद्धात लोटला गेला असे लिहितो, तेव्हा ते गंभीरपणे घ्यावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मुलींवरच्या अत्याचारापुढे कर्जाचा हिशेब मांडणे म्हणजे त्या यातनेची किंमत कमी करणे नव्हे का? नाही, कारण तो अत्याचार जप्तीच्या ओघातच झाला. वारस मुली होत्या. त्यांची विटंबना आणि त्यांच्या हक्काची विल्हेवाट ही एकाच कारवाईची दोन अंगे होती. पैशाचा भाग वगळला की हे काही क्रूर शिपायांचे दुष्कृत्य उरते आणि ज्यांच्या हुकमाने ते तिथे आले, ते सुटतात.

उठावकऱ्यांची क्रूरताही झाकता येत नाही. कामुलोडुनम, लोंडिनियम आणि वेरुलामियम जळाली. टॅसिटसच्या मते सत्तर हजार माणसे मेली, त्यांत रोमशी जुळवून घेतलेले स्थानिकही होते. आकडा फुगवलेला असेल, पण कोलचेस्टर आणि लंडनच्या मातीखालचा जळका लाल थर फुगवलेला नाही. न्याय्य कारणाने ही कत्तल न्याय्य होत नाही. मात्र बूडिकाच्या पराभवानंतर रोमने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. कॅटस गॉलला पळाला होता. त्याच्या जागी आलेल्या जूलियस क्लासिसियानसने कळवले की पाउलिनस सुभेदार असेपर्यंत लढाई संपणार नाही. टॅसिटस याला वैयक्तिक वैर म्हणतो. तरी नीरोने चौकशीला माणूस पाठवला आणि पुढे पाउलिनस जाऊन पेट्रोनियस टर्पिलियानस आला. त्यात दया नव्हती. शेते पेरायची राहून गेली होती, दुष्काळ पडला होता आणि ओसाड मुलखातून कर निघत नाही, हे नव्या वसुली अधिकाऱ्याला बंड चिरडणाऱ्या सेनापतीहून आधी उमगले.