आधी पोट, मग माणूस?

बी.कॉम.च्या अभ्यासात व्यवस्थापनाचा एक पेपर असतो. त्यात एक त्रिकोण काढून त्याचे पाच मजले पाडावे लागतात. तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग माणसांचा जिव्हाळा, मग मानसन्मान आणि अगदी टोकाला, जेमतेम एक शब्द मावेल एवढ्या जागेत, आत्मपूर्ती. म्हणजे आपल्यात जे काही होण्याची ताकद आहे, ते होणे. शेजारी नाव लिहायचे : अब्राहम मॅस्लो. एवढ्यावर मार्क मिळतात. आम्हीही ते मिळवले.

परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत जाते, त्रिकोण मात्र डोक्यात राहतो. साहेब म्हणतात, कामगाराला पगारापलीकडे काय हवे असते? आणि आपल्याच घरातला बाप पोराला म्हणतो, आधी पोटाचे बघ, मग तुझी चित्रे. दोघांच्या तोंडी तोच त्रिकोण असतो. म्हणून तो मुळात होता तरी कसा, हे पाहणे भाग आहे.

मॅस्लो यांचा जन्म १९०८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. सात भावंडांत हे थोरले. ज्यू म्हणून रस्त्यावर पोरांची टोळकी अंगावर येत. वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता. मुलाने थोडे दिवस कायदा शिकून पाहिला, सोडला आणि मानसशास्त्राची वाट धरली. (आईबापांनी ठरवलेली लाइन सोडणारी पोरे सगळीकडेच असतात!)

गरजांविषयीचा त्यांचा गाजलेला लेख १९४३ सालचा. त्या लेखात त्रिकोण नाहीच. तो पुढे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी काढला. लेखात आहे तो एक हिशेब. आम्ही कारकून माणसे, टक्केवारी दिसली की थांबतो. मॅस्लो म्हणतात, समजा, एखाद्या साधारण माणसाच्या शरीराच्या गरजा ८५ टक्के भागल्या आहेत, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, स्वाभिमानाच्या ४० आणि आत्मपूर्तीच्या १०. हे आकडे मोजलेले नाहीत, समजावून सांगण्यापुरते धरलेले आहेत. पण त्यांचा अर्थ पाहा. पाचही खाती एकाच वेळी उघडी आहेत आणि एकही पूर्ण भरलेले नाही. खालचे खाते पुरते भरल्याशिवाय वरचे उघडायचे नाही, असा नियम त्यांनी केलाच नव्हता. पोटात खरी आग पडली असेल तर भाकरीशिवाय दुसरे सुचत नाही, हेही ते सांगतात, आणि ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्याच लेखात ते असेही मान्य करतात की तत्त्वासाठी सगळ्यावर पाणी सोडणारी माणसे असतात, त्यांच्या बाबतीत हा क्रम उलटतो. आणि आत्मपूर्ती म्हणजे केवळ गाणे किंवा चित्रकला नव्हे. कुणाला उत्तम आई व्हावेसे वाटते, तेही त्यातच येते.

हा शब्दही त्यांनी कुर्ट गोल्डस्टाइन या जर्मन डॉक्टरांकडून घेतला. पहिल्या महायुद्धात मेंदूला मार लागलेल्या सैनिकांवर हे डॉक्टर उपचार करीत. इतकी मोडलेली माणसेही उरलेल्या शक्तीनिशी स्वतःला सावरू पाहतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणजे ही कल्पना सुखवस्तू दिवाणखान्यात जन्मलेली नाही.

या पंथाला मानवतावादी मानसशास्त्र म्हणतात. त्याचे दुसरे मोठे नाव कार्ल रॉजर्स (१९०२ ते १९८७). बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजातून रॉजर्स यांनी १९३१ साली डॉक्टरेट घेतली. त्यांनी लहानपणची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्यांच्या घरच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे साठवलेले असत. उजेड यायचा तो वरच्या एका लहानशा खिडकीतून. तरीही त्या बटाट्यांना कोंब फुटत. हिरवेगार नव्हेत, पांढरे, अशक्त, वेडेवाकडे. पण खिडकीच्या दिशेने दोन-दोन, तीन-तीन फूट वाढलेले. आपल्या टोपलीतल्या बटाट्यालाही कोंब येतात, आपण ते खुडून भाजी टाकतो. रॉजर्स यांना मात्र पुढे मनोरुग्णालयातल्या, सगळ्यांनी आशा सोडलेल्या रुग्णांना पाहून ते कोंब आठवत. त्यांची वाढ वाकडी दिसते, कारण उजेडच तेवढा मिळाला.

आमच्या मते यातली महत्त्वाची वस्तू बटाटा नाही, खिडकी आहे. माणूस वाढावा म्हणून समोरच्याने तीन गोष्टी द्याव्यात, असे रॉजर्स म्हणत : खरेपणा, विनाअट आदर आणि त्याच्या जागी जाऊन ऐकणे. यांना पैसा लागत नाही, पण सोप्याही नाहीत. आपल्या घरांत आदर बहुधा निकालाच्या दिवशी, टक्के पाहून मिळतो.

मॅस्लो यांच्यातही उणीव आहे. आत्मपूर्तीची उदाहरणे म्हणून त्यांनी लिंकन, आइनस्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट अशी नावे घेतली. बहुतेक पाश्चात्त्य, नावाजलेली. चाळीतल्या माणसाला ती वाचून वाटते, हे आपले काम नव्हे.

निकाल लागले की आमच्याकडे संध्याकाळी अर्ज भरून घ्यायला गर्दी होते. मागे धुणीभांडी करणाऱ्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. काय व्हायचे आहे, असे आम्ही मुलीला विचारले. आई म्हणाली, "नर्सिंगचं लिहा भाऊ." आम्ही पेन खाली ठेवले आणि पुन्हा मुलीलाच विचारले. बराच वेळ ती नखे कुरतडत राहिली. मग म्हणाली, "आयटीआय. इलेक्ट्रिशियन." मोहल्ल्यातले पंखे तीच दुरुस्त करते, हे आईला ठाऊक होते, पण ते कुणी कधी धरलेच नव्हते. आई गप्प बसली. थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले, "फी किती पडंल?" मग अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर आम्ही तिघांनी फी, बसचा पास आणि शिष्यवृत्तीचा हिशेब मांडला.