लाल कळीचा पहारा

एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधील वीजपुरवठा २१ नोव्हेंबर २०२० रोजी खंडित झाला आणि तिचे इंटरनेट बँकिंग व देयक-व्यवहार ठप्प झाले. असे व्यत्यय त्याआधीही आले असल्याने रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबरच्या आदेशाने तिला नवे डिजिटल उपक्रम सुरू करण्यास व क्रेडिट कार्डाचे नवे ग्राहक मिळवण्यास तात्पुरती मनाई केली. निर्बंध पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडला. ज्यांचे वेतन खात्यात जमा होते, त्या शिक्षकांना व कारकुनांना संगणक-कक्षातील विजेशी आपला काय संबंध, असे आता म्हणता येणार नाही.

या कक्षांत विजेची तजवीज दुहेरी-तिहेरी असते. बाहेरची वीज गेली तर बॅटऱ्या, त्या उतरण्यापूर्वी जनरेटर. मात्र अनेक कक्षांत दाराजवळ एक लाल कळही असते. आग लागल्यास पाणी मारणाऱ्या जवानांना धक्का बसू नये म्हणून ती दाबताच बाहेरच्या विजेबरोबर बॅटऱ्यांची वीजही तुटते. तुटली नाही तर कळीचा उपयोगच काय? म्हणजे कोट्यवधींची सारी तजवीज एका बोटाने निष्फळ होते. दार उघडण्याचे बटण समजून कोणी ती दाबावी, यात नवल ते काय! अमेरिकेत एका प्रोग्रॅमरच्या लहान मुलीने ही कळ एकाच दिवशी दोनदा दाबली व मग तीवर झाकण आले, असे संगणक-व्यवसायात सांगतात.

प्रश्न कळीपुरताच नाही. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या लंडनजवळील डेटा सेंटरचा वीजपुरवठा तुटला, सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. वीज तोडली गेली ती चूक समजण्यासारखी, पण ती ज्या बेबंद रीतीने पुन्हा जोडली त्यानेच यंत्रे बिघडली, असा मूळ कंपनीचे प्रमुख विली वॉल्श यांचा खुलासा होता. तोटा सुमारे आठ कोटी पौंडांचा. एवढी शक्ती एका माणसाच्या हाती निरंकुश ठेवली कोणी, हे मात्र त्या खुलाशाने सांगितले नाही.

कळीला कुलूप घालणे हा उपाय नव्हे; आगीच्या वेळी किल्ली शोधणार कोण? उचलावे लागेल असे झाकण, ते उचलताच वाजणारी घंटा, रखवालदार व सफाई कामगारांना वाचता येईल अशा मराठीतील पाटी आणि विजेच्या कामावर लेखी परवान्यासह दोन माणसे, एवढ्याने पुष्कळ काम भागते. हा खर्च किरकोळ आहे. तरी तो टळतो, कारण तो संस्थेच्या खिशातून जातो आणि नुकसानीचा मोठा वाटा ग्राहकांच्या माथी पडतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिव्यय म्हणतात. तो संस्थेच्याच हिशेबात आणायचा, तर बंद पडलेल्या प्रत्येक तासाची भरपाई ग्राहकाला अर्जाविना मिळाली पाहिजे आणि लेखापरीक्षकाने कागदांबरोबर त्या दाराजवळची भिंतही तपासली पाहिजे.