ओळखीचे भांडवल

मालाची खरी ख्याती कर्णोपकर्णी होते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. अमुक वैद्याच्या हाताला गुण आहे, तमुक दुकानातील माल चोख आहे, ही वार्ता जाहिरातीने नव्हे, तर शेजाऱ्याच्या तोंडून गावभर होई. सांगणाऱ्याची पत त्या शब्दामागे उभी असे. नवोदित तंत्रज्ञान-कंपन्यांनी नेमके हेच हेरले आणि त्याचे शास्त्र बनविले. साथीप्रमाणे माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या या प्रचाराला 'व्हायरल मार्केटिंग' असे नाव पडले.

हॉटमेल हा त्याचा गाजलेला आद्य नमुना. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत ही ई-मेल सेवा सुरू केली. भांडवल पुरविणारे टिम ड्रेपर यांच्या आग्रहावरून प्रत्येक पत्राच्या तळाशी विनामूल्य खाते उघडण्याचे निमंत्रण छापले जाऊ लागले. पत्र लिहिणारा प्रत्येक जण अशा रीतीने कंपनीचा बिनपगारी प्रचारक झाला! दीड वर्षात ग्राहकसंख्या सुमारे १ कोटी २० लाखांवर गेली. पुढे ड्रॉपबॉक्सने मित्राला आणणारा आणि येणारा, अशा दोघांनाही साठवणुकीची जादा जागा देऊ केली. सप्टेंबर २००८ मधील १ लाख ग्राहक जानेवारी २०१० पर्यंत ४० लाख झाले. आपल्याकडे २०१७ साली गूगलचे 'तेज' आले, तेव्हा ५१ रुपयांसाठी भाच्याने मामाला आणि मामाने शेजाऱ्याला त्यात कसे ओढले, हे अनेकांना स्मरत असेल.

या पद्धतीचा गुण नाकारण्याचे कारण नाही. जाहिरातीसाठी गाठीशी पैसा नसलेला होतकरू उद्योजक तिच्या बळावर धनाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहू शकतो. शिवाय माल निकृष्ट असेल, तर त्याच मुखांनी त्याची दुष्कीर्तीही पसरते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. शेजाऱ्याची शिफारस निरपेक्ष होती, म्हणूनच तिला मोल होते. तिच्यावर बक्षीस लागले की ती दलाली होते, आणि ऐकणाऱ्याला याचा पत्ता असतोच असे नाही. त्याही पुढची पायरी म्हणजे ग्राहकाचे नाव परस्पर वापरणे. लिंक्डइनने सदस्यांच्या नावाने त्यांच्या परिचितांना वारंवार स्मरणपत्रे धाडली. त्यावरून अमेरिकेत दावा झाला आणि २०१५ साली १ कोटी ३० लाख डॉलर देऊन कंपनीला तडजोड करावी लागली.

आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती स्पष्ट व स्वेच्छेची असली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. परंतु आपल्या फोनमधील नावांची यादी एखाद्या कंपनीच्या हाती देताना त्या यादीतील आप्तेष्टांना कोण विचारतो? ही जबाबदारी केवळ कायद्यावर ढकलून चालणार नाही. उद्योजकांनी ग्राहक अवश्य जोडावेत. मात्र शिफारशीमागील लाभ उघड सांगावा आणि विचारल्यावाचून कोणाचे नाव वापरू नये. वाचकांनीही 'सर्वांना पाठवा' या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पत मिळवायला आयुष्य लागते. ती ५१ रुपयांत विकावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे.