दुसरी तार खरोखर दुसरी आहे काय?

‘सर्व्हर बंद आहे, उद्या या,’ हे वाक्य आपल्या सार्वजनिक जीवनात इतके रुळले आहे की, त्यात कोणाची हयगय असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रवेशअर्जाच्या अखेरच्या दिवशी ताटकळणारा विद्यार्थी दैवाला बोल लावतो आणि खिडकीमागचा कारकून, स्वतः निरपराध असूनही, बोलणी खातो. वस्तुतः पुष्कळदा सर्व्हर धडधाकट असतो. तुटलेली असते ती त्याची एकुलती एक तार, किंवा बिघडलेला असतो तो संदेशांची वाटणी करणारा स्विच.

यावरचा उपाय सर्वज्ञात आहे. प्रत्येक सर्व्हरला दोन जोडण्या द्याव्यात, त्या दोन निरनिराळ्या स्विचांकडे न्याव्यात आणि त्यांचा वीजपुरवठाही वेगळा ठेवावा. एक मार्ग शंभरातील नव्याण्णव तास चालतो असे धरले, तर वर्षाकाठी सुमारे ८८ तास काम ठप्प होते. परस्परांपासून स्वतंत्र असे दोन मार्ग असले, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला तासाभराहूनही कमी भरतो. जादा जोडण्यांमुळे स्विचांमध्ये वर्तुळ तयार होऊन संदेश त्यातच फिरत राहण्याचा धोका असतो खरा. परंतु त्यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ सालीच तोड काढली. जादा मार्ग एरवी मिटलेला राहतो व मुख्य मार्ग तुटताच आपोआप खुला होतो.

खरी अडचण आहे ती ‘स्वतंत्र’ या शब्दाची. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन केबली एकाच दिवशी तुटल्या आणि थेट भारतापर्यंत इंटरनेट मंदावले. केबली दोन होत्या, त्यांचे मालकही निराळे होते. परंतु त्या ठिकाणी त्यांची वाट जवळजवळ एकच होती. आपल्या कचेऱ्यांत याहून निराळे काय घडते? दोन्ही तारा एकाच नळीतून जातात, दोन्ही स्विच एकाच वीजजोडणीवर चालतात. मग कुदळीचा एक घाव दोहोंना पुरतो.

म्हणूनच, जेथे लोकांच्या मुदती व पगार अडकलेले आहेत, तेथे निविदेत ‘दोन जोडण्या’ एवढेच लिहून भागणार नाही. त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे जागेवर जाऊन पाहिले पाहिजे. आणि ठराविक काळाने, पूर्वसूचना देऊन, एक तार मुद्दाम काढून काम चालू राहते की नाही याची परीक्षा घेतली पाहिजे. दुसऱ्या तारेचा खर्च हिशेबतपासनिसाला दिसतो. रांगेतून परत गेलेल्या माणसाचा बुडालेला दिवस मात्र कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. तो नोंदण्याची वेळ आता आली आहे.